उणीव घेऊन आलेले सोबती

डोरोथी नावाची एक लहान मुलगी पिवळ्या विटांच्या रस्त्याने काही मैल चालते आणि मक्याच्या शेताशी कुंपणावर विसाव्याला बसते. शेतात खांबाला अडकवलेलं एक बुजगावणं असतं. त्याच्याकडे बघता बघता तिला दिसतं, की ते आपल्याला डोळा मिचकावतंय. ती खाली उतरते, जवळ जाते, आणि बुजगावणं तिला अदबीने विचारतं, कशी आहेस? पाठीत रोवलेला खांब काढून दिलास तर फार बरं होईल, असंही सांगतं. डोरोथी त्याला अलगद उचलून खाली ठेवते. पेंढ्याने भरलेलं ते शरीर वजनाला हलकंच असतं.

एल. फ्रँक बॉम यांच्या ‘द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ’ या पुस्तकातली ही पहिली भेट. पुस्तक 1900 मध्ये शिकागोच्या जॉर्ज एम. हिल कंपनीने काढलं. चित्रं डब्ल्यू. डब्ल्यू. डेन्स्लो यांची होती. वाटेत भेटणाऱ्या सोबत्यांच्या गोष्टी त्याआधीही जगभर होत्या. तरी या पुस्तकातले तीन सोबती, म्हणजे बुजगावणं, पत्र्याचा लाकूडतोड्या आणि भित्रा सिंह, आधीच्या कुठल्याही सोबत्यांसारखे नाहीत. त्यांचं वेगळेपण नेमकं कशात आहे, ते समजून घेण्यासारखं आहे.

जुन्या गोष्टींतले सोबती

आपल्या ओळखीच्या गोष्टीपासून सुरुवात करू. पंचतंत्राच्या दुसऱ्या तंत्रात कावळा, उंदीर, कासव आणि हरीण यांची मैत्री आहे. संकट आलं की प्रत्येक जण आपलं कसब वापरतो. कावळा वरून टेहळणी करतो, उंदीर जाळं कुरतडतो, हरीण मेल्याचं सोंग घेऊन पारध्याला फसवतं. जर्मनीत ग्रिम बंधूंनी नोंदवलेल्या एका लोककथेत सैन्यातून काढून टाकलेल्या शिपायाला वाटेत एकेक अचाट माणूस भेटतो. एक झाडं मुळासकट उपटतो, एकाचा नेम काही मैलांवरच्या माशीच्या डोळ्यावर बसतो, एक नाकपुडीच्या फुंकरीने पवनचक्क्या फिरवतो. हे सगळे एकत्र येतात आणि राजाला हरवतात.

अशा गोष्टींत सोबती ओळखला जातो तो त्याच्याकडे काय आहे यावरून. तो एखादी ताकद घेऊन येतो आणि वेळ आली की ती कामी येते.

बॉम यांनी हे उलटं केलं. त्यांचे तिघेही सोबती आपल्याकडे काय नाही ते सांगत येतात. बुजगावणं म्हणतं, मला मेंदू नाही. लाकूडतोड्या म्हणतो, मला हृदय नाही. सिंह म्हणतो, मला धैर्य नाही. पाचूनगरीतला महान जादूगार ऑझ आपली उणीव भरून काढेल या आशेने ते डोरोथीबरोबर चालू लागतात. डोरोथीला कान्ससला घरी परतायचं असतं. अशा रीतीने चार गरजू जीव एका वाटेला लागतात.

कोण कुठून आलं

बुजगावण्याचं वय अवघं दोन दिवसांचं आहे. शेतकऱ्याने आधी त्याचे कान रंगवले, म्हणून ते आधी ऐकायला लागलं. मग डोळे रंगवले, तेव्हा त्याला जग दिसलं. पाखरं सुरुवातीला घाबरली, पण एका म्हाताऱ्या कावळ्याने त्याला बरोबर ओळखलं आणि खुशाल दाणे टिपले. जाताना त्यानेच सांगितलं, की डोक्यात मेंदू असता तर तूही इतरांसारखाच झाला असतास. बुजगावण्याच्या मनात हे घर करून बसलं. त्याला भूक नाही, झोप नाही, दुखापत नाही. भीती आहे ती एकाच गोष्टीची, पेटत्या काडीची.

लाकूडतोड्याची कहाणी गंभीर आहे. तो मुळात हाडामांसाचा माणूस होता आणि एका मुलीवर त्याचं प्रेम होतं. ती ज्या म्हातारीकडे राहायची, तिला ते लग्न नको होतं. म्हातारीने पूर्वेच्या दुष्ट चेटकिणीला गाठलं आणि चेटकिणीने त्याच्या कुऱ्हाडीवर जादू केली. झाड तोडताना कुऱ्हाड निसटली आणि त्याचा डावा पाय गेला. पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराने पत्र्याचा पाय बसवून दिला. मग उजवा पाय गेला, मग हात, मग डोकं, शेवटी धडही दुभंगलं. दर वेळी कारागीर नवा भाग घडवत गेला. सगळा माणूस पत्र्याचा झाला तेव्हा आत हृदय उरलं नाही आणि त्याबरोबर त्या मुलीवरचं प्रेमही गेलं, असं तो सांगतो. पुढे पावसात भिजून त्याचे सांधे गंजले आणि हातातली कुऱ्हाड उगारलेल्या स्थितीतच तो वर्षाहून जास्त काळ रानात उभा राहिला. डोरोथी आणि बुजगावणं त्याच्या सांध्यांत तेल घालतात, तेव्हा तो हलतो.

सिंह येतो तो गर्जत. एका फटक्यात बुजगावण्याला उडवतो, लाकूडतोड्याला आडवा करतो आणि डोरोथीच्या टोटो या लहानग्या कुत्र्यावर तोंड टाकतो. डोरोथी पुढे होऊन त्याच्या नाकावर चापट मारते. एवढ्या मोठ्या जनावराने एवढ्याशा कुत्र्याला चावावं, याची लाज वाटायला हवी, असं ती सुनावते. सिंह तिथल्या तिथे कबूल करतो, की आपण जन्मापासून भित्रे आहोत. जोरात ओरडलं की सगळे पळतात हे त्याला कळलं होतं, म्हणून तो ओरडत राहिला. कोणी पळालं नसतं, तर तोच पळाला असता.

वाटेवर घडतं ते काय?

बॉम यांचं कौशल्य यापुढे दिसतं. ‘नाही’ म्हणून सांगितलेली प्रत्येक गोष्ट ते त्या त्या सोबत्याकडूनच करवून घेतात, आणि त्यावर चकार शब्द बोलत नाहीत.

सातव्या प्रकरणात रस्ता एका खोल दरीशी तुटतो. बुजगावणं शांतपणे हिशेब मांडतं. आपल्याला उडता येत नाही, खाली उतरता येत नाही, तेव्हा उडी मारता आली तरच पुढे जाता येईल. सिंह म्हणतो, मला बहुतेक जमेल. लगेच बुजगावण्याला सुचतं, की सिंहाने एकेकाला पाठीवरून पलीकडे न्यावं. पहिल्यांदा मीच बसतो, असंही ते म्हणतं, कारण पडलो तरी मला इजा होणार नाही. सिंह स्वतः पडण्याच्या भीतीने धास्तावलेला असतो. तसं तो सांगतो, आणि उडी मारतो.

दुसरी दरी उडीच्या आवाक्याबाहेरची असते. काठावरचं मोठं झाड तोडून आडवं पाडलं तर पूल होईल, हे पुन्हा बुजगावण्यालाच सुचतं. पुलावरून जाताना मागून कालिदा येतात. अस्वलाचं धड आणि वाघाचं डोकं असलेले हे भयंकर प्राणी आहेत. सिंहाला वाटतं, आता संपलं. तरी तो डोरोथीला आपल्या मागे राहायला सांगतो, जिवात जीव आहे तोवर लढेन म्हणतो आणि वळून अशी गर्जना करतो की कालिदा क्षणभर थबकतात. ते पुलावर आल्यावर झाडाचं आपल्या बाजूचं टोक तोडायची युक्ती बुजगावण्याची, आणि कुऱ्हाड लाकूडतोड्याची.

लाकूडतोड्याचं हृदय तर पावलोपावली दिसतं. चालताना त्याच्या पायाखाली एक किडा चिरडतो. तो रडतो, अश्रूंनी त्याचा जबडा गंजतो आणि त्याला तोंड उघडता येईनासं होतं. त्यानंतर तो खाली बघत मुंगीसुद्धा चुकवत चालतो. ज्यांना हृदय आहे त्यांना वाट दाखवणारं काहीतरी आत असतं, मला ते नाही, म्हणून मला फार जपून वागावं लागतं, असं त्याचं म्हणणं आहे. मुलांच्या पुस्तकात सदाचरणाचा याहून खोल विचार मी क्वचितच वाचला आहे. चांगुलपणा आपोआप येतो असा भरवसा नसलेला माणूस तो रोज कष्टाने पाळतो आणि त्यामुळे भरवसा असलेल्यांपेक्षा जास्त चांगला वागतो.

तिघांच्या शरीरांचीही नीट योजना केलेली आहे. अफूच्या फुलांच्या शेतात वासाने डोरोथी, टोटो आणि सिंह झोपी जातात. पेंढ्याला आणि पत्र्याला वास बाधत नाही, म्हणून ते दोघे हातांची पालखी करून डोरोथीला बाहेर काढतात. सिंह मात्र उचलवत नाही. तेवढ्यात लाकूडतोड्या एका उंदराला रानमांजरापासून वाचवतो. तो उंदीर निघतो शेतातल्या उंदरांची राणी. मग तिचे हजारो उंदीर गाडा ओढून सिंहाला बाहेर आणतात. पश्चिमेच्या चेटकिणीशी गाठ पडते तेव्हा तिचे चाळीस लांडगे लाकूडतोड्या मारतो आणि चाळीस कावळे बुजगावणं. मधमाश्या आल्यावर बुजगावण्याच्या अंगातला पेंढा काढून डोरोथी, टोटो आणि सिंह यांना झाकलं जातं, आणि माश्यांच्या नांग्या पत्र्यावर आपटून मोडतात. एकाची कमजोरी दुसऱ्याच्या घडणीने झाकली जाते. या प्रसंगांत क्रौर्य आहे, हेही मान्य करायला हवं. जुन्या परीकथांमधली दुःखं आणि भयस्वप्नं आपण वगळली आहेत, असं बॉम यांनी प्रस्तावनेत लिहिलं होतं. ते पूर्णपणे साधलेलं नाही.

जादूगाराचा कोंडा आणि भुसा

ऑझ हा जादूगार प्रत्येकाला वेगळ्या रूपात दिसतो. डोरोथीला अवाढव्य डोकं दिसतं, बुजगावण्याला सुंदर स्त्री, लाकूडतोड्याला भयाण श्वापद, सिंहाला आगीचा गोळा. शेवटी पडदा पडतो आणि मागे एक टकला, सुरकुतलेला, ठेंगणा माणूस उभा असतो. तो ओमाहा गावचा, पूर्वी सर्कशीसाठी बलून उडवणारा. त्याची पाचूनगरीसुद्धा खरी हिरवी नसते. वेशीवरच सगळ्यांच्या डोळ्यांवर हिरव्या काचांचे चष्मे कुलूपबंद केलेले असतात.

या माणसाला जादू येत नाही, पण माणसं कळतात. तुला मेंदूची गरज नाही, तुला अनुभव हवा, असं तो बुजगावण्याला सांगतो. नुकत्याच जन्मलेल्याला दुसरं काय कमी असणार? सिंहाला सांगतो, की संकटाला कोणीही भितोच. भीत भीत त्याला सामोरं जाणं हेच धैर्य. हे कोणालाच पटत नाही. म्हणून तो बुजगावण्याच्या डोक्यात कोंडा, टाचण्या आणि सुया भरतो, लाकूडतोड्याच्या छातीत भुसा भरलेलं रेशमी हृदय बसवतो आणि सिंहाला हिरव्या बाटलीतलं पेय पाजतो. तिघेही तृप्त होतात.

मराठीत वाचताना हा प्रसंग आणखी रंगतो. डोक्यात भुसा भरलाय, असं आपण ज्याला म्हणतो त्याची हेटाळणी करतो, आणि इथे डोक्यात पेंढा असलेलाच सगळ्यांत विचारी आहे. सुया-टाचण्या घालून जादूगार त्याची बुद्धी टोकदार करतो, तर आपण तल्लख बुद्धीला कुशाग्र म्हणतो, म्हणजे गवताच्या पात्याच्या टोकासारखी. काळीज हा शब्द तर दोन पात्रांना एका धाग्यात बांधतो. निर्दय माणूस बिनकाळजाचा आणि शूर माणूस वाघाच्या काळजाचा. लाकूडतोड्या आणि सिंह आपल्या भाषेत जवळजवळ एकच वस्तू मागायला निघालेले आहेत. पंचतंत्रात मेलेला सिंह जिवंत करणारे तीन विद्वान आणि झाडावर चढून बसणारा चौथा व्यवहारी मित्र आहे. तिथेही हेच सांगितलं आहे, की विद्या आणि शहाणपण या वेगळ्या गोष्टी.

लिहिणारा माणूस

बॉम यांचा जन्म 15 मे 1856 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या चिटेनँगो गावी झाला. त्यांनी नाटकं केली आणि हॅम्बुर्ग जातीच्या कोंबड्या पाळल्या. 1886 मधलं त्यांचं पहिलं पुस्तक त्या कोंबड्यांवरच आहे. 1888 मध्ये ते डाकोटा प्रदेशातल्या अॅबरडीनला गेले. तिथे दुकान काढलं, ते बुडालं. वृत्तपत्र चालवलं, तेही बुडालं. पुस्तकाच्या सुरुवातीला जो करडा, रुक्ष कान्सस दिसतो, त्यात दुष्काळी डाकोटाची छाया आहे. याच वृत्तपत्रात त्यांनी मूळ अमेरिकी लोकांचा समूळ नाश करावा असे लेख लिहिले, हा त्यांच्या आयुष्यावरचा न पुसता येणारा डाग आहे. मुंगी चुकवून चालणारं पात्र रचणाऱ्या हाताने तेही लिहिलं, हे विसरू नये.

1891 मध्ये ते शिकागोला आले आणि काचसामान, चिनी मातीची भांडी विकत गावोगाव फिरले. पुस्तकाच्या उत्तरार्धात चिनी मातीच्या नाजूक माणसांचा एक देश लागतो, तो या फिरतीची आठवण करून देतो. पुढे त्यांनी दुकानांच्या दर्शनी खिडक्या कशा सजवाव्यात यावर मासिक चालवलं. अशाच एका खिडकीसाठी घरगुती पत्र्याच्या वस्तू जोडून त्यांनी माणूस तयार केला आणि त्याच्या डोक्यावर टोपी म्हणून नरसाळं ठेवलं, असं त्यांच्या मुलाने सांगितलं आहे. मुलांना ते गोष्टी सांगत. त्या लिहून काढा, असा आग्रह त्यांच्या सासूबाईंनी धरला. त्या होत्या माटिल्डा जोस्लिन गेज, स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या लेखिका. डोरोथीला वाचवायला राजपुत्र येत नाही, उलट तीच तिघांना वाचवते. हे त्या घरात सुचलं, याचं नवल वाटत नाही.

सोबत्यांचा पुढचा प्रवास

1902 मध्ये शिकागोत या गोष्टीचं संगीतनाटक झालं. डेव्हिड माँटगोमेरी लाकूडतोड्या झाले, फ्रेड स्टोन बुजगावणं झाले आणि ही जोडी कमालीची गाजली. बॉम यांनी ऑझची एकूण चौदा पुस्तकं लिहिली. 1918 च्या ‘द टिन वुडमन ऑफ ऑझ’ मध्ये लाकूडतोड्या आपल्या जुन्या प्रेयसीच्या शोधात निघतो आणि कारागिराच्या दुकानात त्याची गाठ स्वतःच्या जुन्या डोक्याशी पडते. एकेक भाग बदलत सगळं शरीर नवं झालं, तर माणूस तोच राहतो का, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न मुलांच्या गोष्टीत असा समोर येतो.

1939 च्या चित्रपटाने सोबत्यांना जगभर नेलं. रे बोल्जर, जॅक हेली आणि बर्ट लाहर यांनी ती कामं केली. लाकूडतोड्याच्या कामासाठी आधी बडी एबसन यांना घेतलं होतं, पण रंगभूषेतली अॅल्युमिनियमची भुकटी बाधून त्यांना इस्पितळात ठेवावं लागलं. चित्रपटात डोरोथीची सगळी सफर स्वप्न ठरते आणि तिघे सोबती कान्ससच्या शेतावरचे गडी निघतात. पुस्तकात मात्र ऑझचा देश खरा आहे आणि डोरोथीच्या पायातले चांदीचे बूटही खरे आहेत. ते बूट चित्रपटात माणकांचे झाले. मुंबईत जन्मलेल्या सलमान रश्दी यांनी वयाच्या दहाव्या वर्षी मुंबईतच लिहिलेल्या पहिल्या गोष्टीमागे हाच चित्रपट होता. पुढे 1992 मध्ये त्यांनी त्यावर छोटं पुस्तकही लिहिलं.

त्याच 1939 मध्ये रशियात गणिताचे प्राध्यापक अलेक्सांद्र व्होल्कोव्ह यांनी ही कथा आपल्या पद्धतीने लिहिली. त्यांच्या गोष्टीत मुलीला सुरुवातीलाच सांगितलं जातं, की तीन जिवांची मनापासूनची इच्छा पुरी करायला मदत केलीस तरच घरी जाशील. बॉम यांनी न बोलता विणलेला धागा व्होल्कोव्ह यांनी उघड करून दाखवला.

1964 मध्ये हेन्री लिटलफील्ड या शिक्षकाने वेगळाच अर्थ लावला. बुजगावणं म्हणजे शेतकरी, लाकूडतोड्या म्हणजे कारखान्यातला मजूर, सिंह म्हणजे राजकारणी विल्यम जेनिंग्ज ब्रायन, पिवळा रस्ता म्हणजे सोनं आणि बूट म्हणजे चांदी. हा अर्थ वर्गावर्गांत शिकवला गेला. बॉम यांच्या मनात असं काही होतं याला आधार नाही, हे पुढे लिटलफील्ड यांनीही मान्य केलं.

मला महत्त्वाचं वाटतं ते शेवटून दुसरं प्रकरण. चांगली चेटकीण ग्लिंडा डोरोथीला सांगते, की तुझ्या पायातले बूट तुला पहिल्याच दिवशी घरी नेऊ शकले असते. इतका प्रवास, इतकी संकटं, सगळं वाया गेलं असं कोणालाही वाटेल. पण बुजगावणं म्हणतं, मग मी मक्याच्या शेतातच राहिलो असतो. लाकूडतोड्या म्हणतो, मी रानात गंजत उभा असतो. सिंह म्हणतो, मी जन्मभर भित्राच राहिलो असतो. डोरोथी त्यांचं म्हणणं मान्य करते आणि आपण यांच्या उपयोगी पडलो याचा तिला आनंद होतो. सोबत म्हणजे काय, याचं उत्तर इथे मिळतं. तिघांकडे हवं ते सगळं आधीच होतं, पण ते वापरायची वेळ एकट्याने उभं असताना आली नसती. त्यासाठी दुसऱ्या कोणाला तरी दरी ओलांडून न्यायचं असावं लागतं.

हे पुस्तक कॉपीराइट संपल्यामुळे 1956 पासून अमेरिकेत सर्वांसाठी खुलं आहे. त्यात 24 छोटी प्रकरणं आहेत. चित्रपट दाखवण्याआधी घरातल्या मुलांना रोज रात्री एक प्रकरण आपल्या भाषेत सांगून पाहा. सातव्या रात्री दोन्ही दऱ्या पार झाल्या की थांबा आणि विचारा, या चौघांत हुशार कोण, मायाळू कोण, धीट कोण? मुलं लगेच बरोबर नावं घेतील. मग त्यांना आठवण करून द्या, की स्वतःबद्दल त्या तिघांचं मत काय होतं.